जुनी छत्री आणि ताईची धास्ती

मे महिन्यात आमच्या जासईच्या अंगणात पापड वाळतात, सोडे वाळतात. यंदा तिथे विमानातून उडी मारायची छत्री पसरली होती, आणि ती पाहायला सारी आळी लोटली. छत्री माझ्या भाच्याची. तो फ्लोरिडात नोकरीला असतो आणि सुट्टीच्या दिवशी माणसे जशी सिनेमाला जातात तसा आभाळात जातो. ही त्याने कुणाची तरी वापरलेली, १९९०च्या दशकातल्या घडणीची, स्वस्तात घेतली होती.

ताईने मला बाजूला घेतले. "तू कॉलेजात शिकवतोस ना? मग विचार त्याला, या जुनेऱ्यावर भरवसा ठेवायचा का?" मी शिकवतो मराठी. पण ताईच्या लेखी प्रोफेसर म्हणजे सर्वज्ञ!

वाचकहो, ताईला उडीची भीती नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून घेतली. तेव्हापासून उडीबद्दल तिला अभिमानच आहे. तिची धास्ती आहे ती उतरण्याची. आणि तिथे ती अगदी बरोबर होती.

कारण ही छत्री आता छत्री राहिलेलीच नाही. अमेरिकेतल्या डोमिना जालबर्ट नावाच्या पतंग करणाऱ्या गृहस्थाला १९६६ साली हवेने फुगणाऱ्या कापडी पंखाचे पेटंट मिळाले, आणि तिचा पंख झाला. त्या पंखाने हलकेच उतरता येते. पण हौशी तरुणांना तेवढ्याने समाधान कुठले? ते जमिनीजवळ मुद्दाम वळण घेऊन सूर मारतात आणि ऐन वेळी सरळ होऊन गवतावरून सरसरत जातात. तरबेज माणसे त्यात ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातात. भाच्याला हेच शिकायचे होते.

"कापड तर नव्यासारखं आहे, मामा," तो म्हणाला. खरेच होते. फार जुन्या छत्र्यांचे कापड वापराने हवा सोडू लागते आणि उतरताना दगा देते. हे नंतरचे, हवा न सोडणारे. हातातून साबणासारखे निसटत होते. वजन सामानासकट १९५ पौंड, कापड १३५ चौरस फूट. म्हणजे फुटाला जवळजवळ दीड पौंड. वेगाला काही कमी नाही.

मग खोट कुठे? ती त्याच्याच तोंडून निघाली. हा जुना पंख सुरातून आपण होऊन लवकर वर येतो. मला आधी तो गुणच वाटला. पण लवकर वर येतो म्हणून वेग टिकवायला वळण अगदी खाली घ्यावे लागते, आणि तिथे अंदाज चुकला तर सावरायला उंचीच उरत नाही. यासाठीच घडवलेले नवे पंख बराच वेळ सुरात राहतात. वळण उंचावर सुरू करता येते, चूक कळायला दोन क्षण मिळतात.

एवढ्यात करंजाचे आमचे मामा पुढे सरसावले. उभा जन्म जाळी विणण्यात गेलेला. त्यांनी डाव्या-उजव्या बाजूचे जोडीचे दोर एका खिळ्याला लावून ताणले आणि म्हणाले, "यो आखरलाय." आखडला होता खरा, चांगला चार बोटे! छत्री उघडताना दोरांवरून एक कापडी चौकोन कड्यांसह घसरत खाली येतो. त्या घर्षणाच्या उष्णतेने या जातीचे दोर आखडतात, आणि सुकाणूचे सर्वांत जास्त. मग हात सोडले तरी पंखाची मागची कड थोडी ओढलेलीच राहते. सुरात तो धडधडतो, दोन बाजू सारख्या नसतील तर एकीकडे ओढतो. कापडाकडे पाहून हे कुणाला कळावे?

भाचा बराच वेळ गप्प बसला. माझे मत मी सांगून टाकले: दोर बदल, जाणकाराकडून तपासून घे, आणि हिच्यावर सरळ, शांत उतर. वळणाचा खेळ हिच्यावर नको. तो शिकायचा तर मोठ्या पंखावर, गुरूच्या नजरेखाली. त्याला ते रुचले नाही. स्वस्तात मिळालेली वस्तू कुणाला टाकवते?

दसऱ्याला त्याचा फोन आला. दोर नवे घातले आहेत म्हणाला. "आणि उतरतोस कसा?" ताईने विचारले.

"सरळ," तो म्हणाला. "मामाआजोबांना सांग, जुने दोर मी ठेवलेत. पुढच्या वेळी आणतो."


मामांना ते जाळ्यासाठी हवे आहेत.