गोळीच्या किमतीत न धरलेला खर्च

अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की, अनेक घरांच्या मागच्या खोल्यांत प्रयोगशाळेत शोभावे असे एक शांत काम सुरू होते. एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी नळी स्वच्छ करून पुन्हा मापात आणायची, तिच्या बुडाशी नवी केप बसवायची, ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोललेली दारू आत ओतायची आणि वर निवडून घेतलेली गोळी दाबून बसवायची. एका ग्रॅममध्ये साधारण १५.४ ग्रेन बसतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ही मोजदाद किती बारीक असते ते कळेल. घरी काडतुसे भरणारा शिकारी केवळ चार पैसे वाचवण्यासाठी हा खटाटोप करीत नाही. शंभर यार्डांवर झाडलेल्या गोळ्या इंचभराच्या वर्तुळात पडाव्यात आणि जनावर एकाच गोळीत, तडफड न होता मरावे, असा त्याचा आग्रह असतो. या आग्रहात एक नीती आहे आणि शिकारीविषयी कोणाचे मत काहीही असले, तरी तिची थट्टा करण्याचे कारण नाही.

प्रश्न निराळाच आहे. इतके काटेकोर मोजणाऱ्या या माणसाच्या हिशेबातून एक मोठा खर्च सुटतो, तो कसा? गोळी जनावराच्या अंगात शिरल्यानंतर तिचे पुढे काय होते आणि त्याची झळ कोणाला लागते, हाच तो खर्च होय.

शिसे आणि तांबे

शिकारी रायफलची परंपरागत गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ आवरणात भरलेले शिसे. शिसे जड, मऊ आणि स्वस्त असते. जडपणामुळे आखूड गोळीतही पुरेसे वजन मावते. मऊपणामुळे गोळी आदळताच छत्रीसारखी उमलते, जखम रुंद होते आणि जनावर लवकर मरते. परंतु हा मऊपणाच तिचा दोषही ठरतो. वेगाने आदळलेली गोळी फुटते आणि तिचे बारीक कण मांसात दूरवर विखुरतात.

हा दोष प्रथम शिकाऱ्यांनाच खटकला, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या कारणासाठी. थोराड जनावराच्या अंगात गोळी वरच्यावर फुटली तर ती मर्मापर्यंत पोचत नाही. म्हणून जॉन नॉस्लर या शिकाऱ्याने मध्यभागी धातूचा पडदा असलेली गोळी तयार करून १९४८ साली बाजारात आणली. तिचा पुढचा भाग उमलला तरी मागचा अभंग राहतो. १९८० च्या दशकात बार्न्स कंपनीने शिसे पूर्णपणे वगळून अखंड तांब्याची, पोकळ टोकाची गोळी काढली. तिच्या पाकळ्या उमलतात, पण वजन जवळजवळ सगळे टिकते. पक्ष्यांची चिंता हे तिच्या जन्माचे कारण नव्हते. खोलवर जाणारी गोळी हवी होती, म्हणून ती निर्माण झाली.

तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तितक्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर राहण्यासाठी बंदुकीच्या नळीतील आट्यांचा पीळ अधिक घट्ट लागतो. शिवाय ती काडतुसात दारूची जागा खाते. म्हणून जाणकार शिकारी १८० ग्रेनच्या शिशाच्या गोळीऐवजी १५० किंवा १६५ ग्रेनची तांब्याची गोळी घेतो आणि वजनाची उणीव वेगाने भरून काढतो. तात्पर्य, बदल शक्य आहे, पण तो फुकट नाही. वर्षानुवर्षे जुळवून आणलेले दारूचे प्रमाण मोडून चाचण्या नव्याने कराव्या लागतात. अर्थशास्त्राच्या भाषेत हा एकदाच सोसावा लागणारा स्थिर खर्च होय. हंगामात हरणावर प्रत्यक्ष झाडल्या जाणाऱ्या गोळ्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. बंदूक, परवाना आणि प्रवास यांवरील खर्चापुढे गोळीच्या किमतीतील फरक क्षुल्लक ठरतो. तेव्हा खरा अडथळा किमतीचा कमी आणि सवयीचा अधिक आहे.

न विचारलेले वाटेकरी

शिकारी मांस घेऊन जातो आणि आतडी-कोथळा रानातच टाकतो. त्यावर जगणाऱ्या पक्ष्यांत कॅलिफोर्नियाचा काँडोर हा महाकाय गिधाडवर्गीय पक्षी आहे. १९८२ साली जगात अवघे २२ काँडोर उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात प्रजनन करण्यात आले आणि १९९२ पासून पक्षी पुन्हा मोकळे सोडले जाऊ लागले. आज त्यांची संख्या पाचशेच्या वर आहे. पण मोकळ्या काँडोरांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे ज्ञात कारण शिशाची विषबाधा हेच आहे. या पक्ष्यांना वेळोवेळी पकडून, रक्त तपासून, शरीरातील शिसे उतरवण्याचे उपचार करावे लागतात. मादी साधारण दोन वर्षांतून एकच अंडे घालते. अशा जातीला थोडे मृत्यूही परवडत नाहीत.

दुसरा वाटेकरी माणूस आहे. अमेरिकेत अनेक शिकारी हरणाचे जादा मांस गरिबांसाठीच्या अन्नकेंद्रांना दान करतात. २००८ साली नॉर्थ डकोटा राज्यात अशा दान केलेल्या खिम्यात शिशाचे कण आढळले आणि ते मांस टाकून देण्याची सूचना द्यावी लागली. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे, आणि मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम विशेष होतो. दात्याचा हेतू निर्मळ होता. घेणाऱ्याला मात्र गोळीची निवड करण्याची संधी कधीच मिळाली नव्हती.

व्यवहारातील दोन्ही पक्षांखेरीज तिसऱ्याच्या माथी पडणारा खर्च बाजारातील किमतीत उतरत नाही, ही गोष्ट ए. सी. पिगू यांनी १९२० साली आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. शिशाची गोळी स्वस्त दिसते, याचे हेच कारण आहे. तिच्या किमतीचा एक भाग काँडोर देतो, एक भाग अन्नकेंद्राच्या रांगेतील मूल देते आणि एक भाग पक्ष्यांच्या उपचारावर सार्वजनिक पैसा खर्च करणारे शासन देते.

दोन राज्ये, दोन मार्ग

उपायांच्या बाबतीत दोन शेजारी राज्यांनी दोन वाटा धरल्या. ॲरिझोनाने मन वळवण्याचा मार्ग स्वीकारला. २००५ पासून काँडोरच्या प्रदेशातील शिकाऱ्यांना शिसेविरहित दारूगोळा विनामूल्य देण्यात येऊ लागला. जे शिशाचीच गोळी वापरतील त्यांनी निदान कोथळा रानाबाहेर आणावा, म्हणून बक्षिसांची सोडतही ठेवण्यात आली. दर हंगामात साधारण ८० ते ९० टक्के शिकारी या ना त्या प्रकारे सहभागी होऊ लागले. कॅलिफोर्नियाने कायद्याचा मार्ग धरला. २००८ पासून काँडोरच्या प्रदेशात आणि १ जुलै २०१९ पासून सबंध राज्यात शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा वापरण्यास बंदी आली.

सक्तीविना ८० ते ९० टक्के सहभाग ही सामान्य गोष्ट नव्हे. सरकारी बडग्यावर विसंबणाऱ्यांनी तिच्यापासून धडा घ्यावा. तथापि तेवढ्याने विषबाधा थांबली नाही. काँडोर कळपाने खातात, त्यामुळे एकच दूषित कोथळा अनेकांना पुरतो. जेथे नुकसान हळूहळू, प्रमाणशीर वाढते तेथे नव्वद टक्के यश म्हणजे नव्वद टक्के काम झाले असे म्हणता येते. जेथे उरलेला थोडासा भागच घातक ठरतो, तेथे हे गणित चालत नाही. कॅलिफोर्नियातही कायद्याने विषबाधा संपलेली नाही. रानातल्या प्रत्येक बंदुकीमागे शिपाई उभा करता येत नाही. कायदा शेवटच्या दहा टक्क्यांसाठी हवा आणि तो पाळला जाण्यासाठी आधीचे नव्वद टक्के मनाने बरोबर हवेत.

भारताचा अनुभव

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वाट जवळजवळ बंद झाली. तेव्हा या दूरच्या वादाशी येथील वाचकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर येथील गिधाडांनी दिले आहे. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटण्याच्या मार्गावर होती. शंभर शवांपैकी एकाहूनही कमी शव दूषित असले तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असे गणित संशोधकांनी मांडले. मुंबईत मलबार हिलवरील पारशी दोखम्यांना ही उणीव थेट जाणवली. २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे दरसाल सुमारे एक लाख अधिक माणसे दगावली, असा अंदाज इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केला. औषधाच्या बाटलीवरील किमतीत यांतले काहीच नव्हते.

२००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय हाताशी होता म्हणूनच ती बंदी व्यवहार्य ठरली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळत राहिल्या आणि २०१५ मध्ये बाटलीचे आकारमान ३ मिलिलिटरवर आणावे लागले. केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्यावर बंदी येण्यास २०२३ साल उजाडले. आधी तपासलेला पर्याय, मग त्याचा सुलभ पुरवठा आणि शेवटी पळवाटा बुजवणारा कायदा, हा क्रम दोन्ही देशांना सारखाच लागू पडतो.

शिकाऱ्याला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. तांब्याची गोळी शिकाऱ्यांच्याच गरजेतून जन्मली आणि ती पारखण्याचे कसबही त्यांच्याच हातात आहे. ग्रेनचा दहावा हिस्सा तोलणारा तराजू त्यांच्याजवळ आहेच. त्या तराजूत कोणकोणते खर्च धरायचे हे मात्र एकट्या शिकाऱ्यावर सोडता येणार नाही. ते ठरवणे, आणि ठरवल्यावर त्याची किंमत वाटून घेणे, हे समाजाचे काम आहे.