पॅनल दिलेत, आता बॅटरीही द्या!

गावकरी बंधू-भगिनींनो,

गेल्या मे महिन्यातली दुपार. दोन वाजले होते, अंगणात अनवाणी पाय ठेववत नव्हता. घरावर ३ किलोवॅटचे सोलर पॅनल कडक उन्हात, आणि घरातले पंखे बंद. आईला दम लागला होता. तिचं वाफेचं मशीन हातात घेऊन मी मीटरशेजारच्या इन्व्हर्टरसमोर उभा राहिलो. त्याचा हिरवा दिवा जाऊन लाल लागला होता. पॅनल बसवून देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, लाईट गेली की हेही बंद. ऑन-ग्रिड आहे ना!" पैसे घेताना त्याने हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारावं, म्हणून हे पत्रक.

इन्व्हर्टर बंद पडला, यात दोष यंत्राचा नाही. लाईट गेलेली असते तेव्हा वायरमन खांबावर चढलेला असतो. आपल्या पॅनलची वीज उलटी तारेत गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून बाहेरचा सप्लाय गेला की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आपोआप थांबतो, आणि थांबायलाच हवा. पण हायब्रीड इन्व्हर्टर आणि सोबत बॅटरी असेल, तर तो घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि ठरवून दिलेले दिवे-पंखे चालू ठेवतो. वायरमनही सुरक्षित, घरातही उजेड. हे सामान बाजारात मिळतं. सरकारच्या अनुदानात ते नाही, एवढीच अडचण आहे.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. १ कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद झाली. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. मला ते पूर्ण मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा सगळा हिशोब पॅनलच्या किलोवॅटवर आहे. बॅटरीसाठी वेगळा एक रुपया नाही. जीएसटीचंही तसंच. सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवर ५ टक्के, बॅटरीवर १८ टक्के.

ही योजना बिल कमी करण्यासाठी आखली आहे. जिथे लाईट क्वचित जाते, त्या शहरातल्या घराला ती पुरेशी आहे. आपलं दुखणं बिलाचं नाही. आपलं दुखणं अंधाराचं आहे.

आपली लाईन डोंगर उतरून, रान तुडवत येते. पहिल्या वादळी पावसात तारेवर फांदी पडते, डीपीचा फ्यूज उडतो आणि चार वाड्या एकदम अंधारात जातात. ३ जून २०२० विसरलात का? निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत खांब आडवे झाले. कित्येक गावांत लाईट यायला आठवडेच्या आठवडे लागले. नळाला पाणी नाही, गिरण बंद, मोबाईलचे टॉवर मुके. मुंबईतल्या मुलांना गावातले आईबाप जिवंत आहेत की नाही, हेसुद्धा कळत नव्हतं. त्या दिवसांत पाणी आणि धान्याइतकीच गरज होती एक मोबाईल चार्ज होईल एवढ्या विजेची.

कोणी म्हणेल, कोकणच्या पावसात सोलर काय कामाचं? हिशोब मांडून बघा. ९ वॅटचे ४ एलईडी दिवे ५ तास, कमी वीज खाणारे ३० वॅटचे २ पंखे ८ तास, वर मोबाईल चार्जिंग. रात्रभरात सगळं मिळून पाऊण युनिट होतं. १५० एएचची १२ व्होल्टची साधी ट्यूब्युलर बॅटरी १.८ युनिट साठवते. ती निम्म्याहून खाली उतरवायची नाही म्हटलं, तरी ०.९ युनिट हाताशी राहतं. रात्र निघते. १ किलोवॅटचे पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देतात. आभाळ भरून आलं आणि ती पाव भागावर आली, तरी १ युनिट मिळतं. विहिरीचा पंप आणि गिझर यावर चालणार नाहीत, ती अपेक्षाच करू नका. आपण चैन मागत नाही. उजेड, वारा, फोन आणि आजाऱ्याचं मशीन, एवढंच मागतो आहोत.

कोणी म्हणेल, लाईट नीट ठेवणं वीज कंपनीचं काम आहे, आपण पदरचे पैसे का घालायचे? काम तिचंच आहे. केंद्राच्या २०२० च्या वीजग्राहक हक्क नियमांत चोवीस तास पुरवठा हाच सर्वसाधारण नियम सांगितला आहे. तो हक्क सोडायचा नाही. पण नवी लाईन येईपर्यंत आईने दम धरून बसायचं का?

म्हणून आमच्या मागण्या:

१. वारंवार लाईट जाणाऱ्या गावांत हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरीला वेगळं अनुदान द्या.

२. बॅटरीवरचा जीएसटी पॅनलइतकाच, ५ टक्के करा.

३. आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत आणि शाळा यांना बॅटरीसह सोलर आधी द्या. पुढच्या वादळात गावाचे फोन तिथे चार्ज होतील.

४. कोणत्या फीडरवर महिन्यात किती तास लाईट गेली, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

५. "लाईट गेल्यावर ही सिस्टीम चालेल की नाही", हे विक्रेत्याने कोटेशनवर मराठीत लिहून द्यावं.

आणि आपल्यासाठीही काही गोष्टी. अर्थिंग केल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नका. पॅनलचा सांगाडा वादळ सोसेल असा पक्का बसवून घ्या. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं नाही. बॅटरी देवघराजवळ, दिव्याशेजारी ठेवू नका, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. जुनी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याला परत करा. २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे.

येत्या ग्रामसभेला या. बाया-माणसं सगळी या. वरच्या पाच मागण्यांचा ठराव लिहून घ्या, त्यावर सह्या करा, आणि त्याची प्रत आमदार, खासदार आणि वीज कंपनीच्या कार्यालयात पोचवून पोच घ्या. आणि ज्याच्या घरी सोलरवाला येईल, त्याने सही करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: लाईट गेल्यावर माझ्या घरात दिवा लागेल का?

आपला,
दापोली तालुक्यातील एक वीजग्राहक

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या घरी द्या.)