अभ्यासालाही पगार असतो, भावोजी!

मंडळी, यंदा दसऱ्याला माझी धाकटी बहीण सहकुटुंब बैलहोंगलहून आमच्याकडे आली होती. तिचे सासर कानडी. त्यामुळे तिची मुलगी मला मावशी न म्हणता ‘दोड्डव्वा’ म्हणते आणि भावोजी मला ‘अक्का’ म्हणतात. जेवणे झाली, पानसुपारी झाली आणि भावोजींनी विषय काढला.

“अक्का, तुम्हीच सांगा हिला. चार वर्षं बीएस्सी नर्सिंग केलं. दोन वर्षं दवाखान्यात नोकरी झाली. आता आखाती देशातल्या नोकरीचं पत्र आलंय, तर ही म्हणते जायचं नाही, अजून शिकायचं. शिकून काय करणार, तर संशोधन! नर्सनं कसलं संशोधन करायचं हो?”

भाची मान खाली घालून बडीशेप निवडत बसली होती. मी तिला म्हटले, “तूच सांग बाई. कसलं संशोधन?”

ती बोलू लागली तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो. तिच्या वॉर्डात गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या बायका येत. बाळंत होऊन त्या घरी जात, तेव्हा पुन्हा तपासणीला कधी यायचे, गोळ्या कशा घ्यायच्या, हे एका कागदावर लिहून देत. तो कागद इंग्रजीत. बाई कानडी बोलणारी, नाहीतर मराठी बोलणारी. कितीतरी जणी परत येतच नसत. “दोड्डव्वा, त्या का येत नाहीत? कागद कळत नाही म्हणून, बसभाडं नाही म्हणून, की सासू सोडत नाही म्हणून? वॉर्डात प्रत्येकजण आपापला अंदाज सांगतो. कुणी जाऊन विचारलेलं नाही.”

याला आरोग्यसेवा संशोधन म्हणतात. नवे औषध शोधणे किंवा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे त्याचे काम नव्हे. औषध आहे, डॉक्टर आहे, दवाखाना आहे, तरी उपचार माणसापर्यंत का पोचत नाही, पोचला तर किती खर्चात आणि किती उशिरा, हे शोधणे त्याचे काम. अवेडिस डोनाबेडियन या गृहस्थांनी १९६६ साली एक साधी रीत घालून दिली. सेवेचा दर्जा पाहायचा तर तीन गोष्टी पाहाव्यात: साधनसामग्री काय आहे, प्रत्यक्ष काम कसे होते आणि रुग्णाचे शेवटी काय झाले. आपण बहुधा पहिल्या गोष्टीपाशीच थांबतो. नवी इमारत झाली की फीत कापतो आणि पेढे वाटतो.

भावोजींचा प्रश्न मात्र तसाच होता. नर्सने कसले संशोधन करायचे? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या माहेरी खानापूर तालुक्यात एक काकू होत्या. तिसऱ्या बाळंतपणात त्या गेल्या. मी तेव्हा लहान होते. पावसाळा होता, बैलगाडी जुंपली होती, पण ओढ्याला पाणी आले होते. मूल जगले, काकू गेल्या. “रक्त फार गेलं,” एवढेच मोठी माणसे म्हणाली. किती गेले, कोणत्या वेळी हात हलवायला हवे होते, हे कुणाला सांगता येण्यासारखे नव्हते. सुईणीने आपल्या परीने सारे केले होते.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात, बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत एक अभ्यास झाला. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आणि अमेरिकेतील संशोधक यांनी तो मिळून केला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे इंजेक्शन तेव्हाही होते. पण ते थंड जागी ठेवावे लागते, आणि टोचणारे माणूस हवे. खेड्यातल्या घरी हे दोन्ही कुठून आणायचे? मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळीला फ्रिज लागत नाही. ही गोळी गावातल्या एएनएम बाईंनी दिली तर चालेल का, हा प्रश्न होता.

१६२० बाळंतिणी या अभ्यासात होत्या. चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून अर्ध्या जणींना खरी गोळी दिली, अर्ध्या जणींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. बाळंतपणे करणाऱ्या, गोळी देणाऱ्या आणि गेलेले रक्त मोजणाऱ्या होत्या २५ एएनएम. रक्त मोजायला बाईच्या अंगाखाली एक प्लास्टिकची चादर घालत. तिला खाली खुणा केलेली पिशवी असे. डोळ्यांनी अंदाज करायचा नाही, खूण वाचायची.

निकाल २००६ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. खरी गोळी न मिळालेल्यांत शेकडा १२ जणींना अर्ध्या लिटरपेक्षा जास्त रक्तस्राव झाला होता. गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ६.४ वर आले. दर १८ बायकांना गोळी दिली तर एकीचा रक्तस्राव टळत होता. थंडी वाजणे, ताप येणे असे त्रास गोळीने होत, तेही त्यांनी लपवले नाहीत. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलचा आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. तशाच खुणांच्या चादरी वापरून केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. रक्तस्राव वेळेवर ओळखून लगेच सगळे उपचार एकदम केले, तर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात दिसले.

“भावोजी, त्या पंचवीस बायका नर्सच होत्या की,” मी म्हटले. त्यांनी मान हलवली. पण लगेच म्हणाले, “त्यांना पगार होता, अक्का. हिला कोण देणार?”

प्रश्न रास्त होता. घरात दोन एकर कोरडवाहू, धाकटा मुलगा इंजिनीअरिंगला. अशा घरात ‘ज्ञानासाठी ज्ञान’ म्हणून भागत नाही. म्हणून भाचीने जमवलेले कागद आम्ही ताटांच्या जागी सतरंजीवर पसरले. त्यातले जे समजले ते वाचकांसाठी लिहिते, कारण अशी मुलेमुली आपल्या घरोघरी आहेत.

पहिली पायरी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्रात ती १९९७ पासून शिकवली जाते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही शिकवतात. डॉक्टरांखेरीज इतर शाखांच्या मुलांनाही अनेक ठिकाणी प्रवेश असतो, अटी मात्र संस्थेगणिक वेगळ्या. या दोन वर्षांत सरसकट फेलोशिप मिळत नाही. फी आणि राहण्याचा खर्च घरातून, कर्जातून किंवा शिष्यवृत्तीतून उभा करावा लागतो. हे भावोजींपासून आम्ही लपवले नाही.

दुसरी पायरी पीएचडी. इथे पगार सुरू होतो. यूजीसीच्या नेट परीक्षेत ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ हा विषय आहे. त्यात ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली आणि पीएचडीला प्रवेश मिळाला, की जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, आणि दोन वर्षांनंतर सीनिअर झाल्यावर ४२,००० रुपये. घरभाडे भत्ता वेगळा. अशी एकूण पाच वर्षे. या फेलोशिपला वयाची अट तीस वर्षे आहे, पण मुलींना पाच वर्षांची सूट आहे. लग्न, बाळंतपण यांत दोनतीन वर्षे गेली तरी दार एकदम बंद होत नाही.

तिसरी पायरी पुढची. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि इंग्लंडचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८-०९ मध्ये मिळून फेलोशिपची एक योजना सुरू केली. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांबरोबर सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांनाही तिच्यात जागा ठेवली. संशोधकाचा पगार आणि त्याच्या कामाचा खर्च अशा दोन्ही गोष्टी तीत धरतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १५०० कोटी रुपयांच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली.

आणखी दोन गोष्टी. घरात कुणी एमबीबीएस किंवा बीडीएस करत असेल, तर आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची अल्पमुदतीची योजना १९७९ पासून आहे. दोन महिन्यांचा छोटा अभ्यास करायचा, अहवाल द्यायचा आणि विद्यावेतन घ्यायचे. संशोधन आपल्याला आवडते का, हे कळायला एवढे पुरते. आणि ज्या सुनांनी, मुलींनी संसारासाठी संशोधन मध्येच सोडले, त्यांच्यासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाच्या मनुष्यबळ विकास योजनेत वेगळी फेलोशिप ठेवलेली आहे. ही गोष्ट फारच थोड्या घरांत माहीत असते.

अर्ज करण्यापूर्वी काय पाहावे? पैसे विद्यार्थ्याच्या नावावर येतात की संस्थेकडून येतात, हे आधी विचारावे. माझ्या ओळखीच्या एका मुलाची फेलोशिप पाच महिने थकली होती. कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत होते आणि पोरगा मेसचे पैसे उसने घेत होता. म्हणून हाताशी तीनचार महिन्यांची शिल्लक असावी. दुसरे, फेलोशिप आणि प्रकल्पातली नोकरी यांत फरक आहे. प्रकल्पात पैसा दुसऱ्याच्या अनुदानाचा असतो आणि प्रकल्प संपला की नोकरी संपते. शिकायला मात्र तिथे पुष्कळ मिळते. तिसरे, मार्गदर्शक कोण, हे संस्थेच्या नावापेक्षाही महत्त्वाचे. त्यांच्या हाताखालची आधीची मुले आज कुठे आहेत, ते विचारावे. आणि मध्यस्थाला पैसे देऊन फेलोशिप मिळत नाही.

परदेशाच्या पैशावर सगळी भिस्त ठेवू नये, हेही अलीकडे कळले. आरोग्यसेवा संशोधनासाठी अमेरिकेने १९८९ साली एक स्वतंत्र सरकारी संस्था उभी केली. विद्यापीठांना अनुदान द्यायचे आणि विद्यापीठांनी मुले निवडून तयार करायची, अशी संशोधक घडवण्याची तिची एक रीत. मार्च २०२५ मध्ये ती संस्थाच दुसऱ्या कार्यालयात विलीन करण्याची घोषणा झाली. जगात सर्वांत मोठा खर्च करणाऱ्या देशात असे होते, तर आपल्या मुलांनी आपल्या देशातल्या योजना आधी नीट वाचाव्यात हे बरे.

हे सगळे ऐकून भावोजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्या आईंनी, म्हणजे भाचीच्या आजीने, तोंड उघडले. त्यांना मराठी समजते, पण त्या बोलतात कानडीच. त्यांनी नातीला विचारले, त्या बायकांकडे जाऊन तू काय विचारणार? भाचीने आजीला कानडीत सांगितले आणि माझ्याकडे वळून मराठीत. ‘सुस्तु’ म्हणणारी बाई आणि ‘अंगात त्राण नाही’ म्हणणारी बाई एकच दुखणे सांगते का? ‘तलेसुत्तु’ आणि ‘घेरी’ एकच का? छापील प्रश्नावली इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून केली की बाई नुसतीच “हो, हो” म्हणते आणि पुढे काही सांगत नाही. प्रश्न आधी तिच्या भाषेत नीट बसवावा लागतो, मग दुसऱ्या माणसाकडून उलटा इंग्रजीत करून तपासावा लागतो. या कामाला दोन्ही भाषा घरात ऐकलेले माणूस लागते.

आपल्या सीमाभागात दोन भाषांवरून आपण किती भांडलो, किती सोसले, ते मी नव्याने सांगायला नको. पण बाळंतिणीच्या खाटेशी बसून तिच्याशी मराठीत आणि शेजारच्या ‘बाणंती’शी कानडीत बोलणारी मुलगी आपल्याच घरात तयार होते. बाहेरून आलेल्या संशोधकाला ती दुभाषी म्हणून हवी असते. तिनेच संशोधक का होऊ नये? दुभाष्याला दिवसाची हजेरी मिळते, पण प्रश्न कोणता विचारायचा हे संशोधक ठरवतो.

रात्री निघताना भावोजींनी गाडी सुरू केली आणि काच खाली घेतली. “अक्का, एमपीएचचे अर्धे पैसे मी घालतो. अर्धे तिनं तिच्या शिल्लकेतून घालायचे. नेट दोनदा देईपर्यंत लग्नाचा विषय काढणार नाही. तिसऱ्यांदा मात्र विचारणार.” आणि मग त्यांच्या नेहमीच्या सुरात म्हणाले, “ओदलि बिड्री!”

मागच्या सीटवर भाची आजीचा हात धरून बसली होती. आखाती देशाचे पत्र अजून तिच्या पर्समध्येच होते. त्याला उत्तर द्यायची मुदत महिनाअखेर आहे. काय होते ते कळवीनच.

तोवर वाचकहो, आपल्या घरातल्या मुलीला एवढे जरूर विचारा: तुझ्या कामात असा कोणता प्रश्न आहे, ज्याचे उत्तर सगळे अंदाजाने देतात? ती सांगू लागली, तर हातातले काम बाजूला ठेवून ऐका.