विश्लेषण : मानसिक आजारावरील उपचार तालुक्याच्या गावी का मिळत नाहीत?

मेळघाटातील धारणीहून अमरावतीला यायचे तर सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास, त्यात घाटरस्ता. ओपीडी सकाळची असते, त्यामुळे पहाटे निघावे लागते आणि परतायला रात्र होते. मानसिक आजाराच्या रुग्णाबरोबर घरातले एक माणूस लागतेच. अशा रुग्णाला उपचारांसाठी दूरवर प्रवास करावा लागू नये आणि सेवा तो राहतो तिथून जवळच मिळावी, असे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ स्पष्ट शब्दांत सांगतो. कायदा २०१८ पासून लागू आहे. तरीही राज्याच्या बहुतांश ग्रामीण भागात या आजारांचे उपचार म्हणजे आजही ‘जिल्ह्याला जाणे’च आहे.

डॉक्टर किती, रुग्ण किती?

बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार १८ वर्षांवरील १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे राज्यासाठी हा दर अंदाज म्हणूनच वापरता येतो.

देशात एक लाख लोकांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ असल्याचे आकडेवारी सांगते. हे प्रमाण किमान ३ असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास २८.९ लाख. देशाची सरासरी लावली तर जिल्ह्याच्या वाट्याला २१-२२ तज्ज्ञ येतात. प्रौढांची संख्या १९ लाखांच्या आसपास धरली तर १०.६ टक्क्यांप्रमाणे रुग्ण होतात दोन लाख. म्हणजे एका तज्ज्ञामागे नऊ हजारांहून अधिक. प्रत्येक रुग्णाला महिन्यातून एकदा तपासायचे म्हटले, तर २५ दिवसांच्या महिन्यात एका डॉक्टरने दिवसाला साडेतीनशेहून अधिक रुग्ण पाहावे लागतील.

हा कागदावरचा हिशेब आहे. यातल्या प्रत्येकाला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही. पण तज्ज्ञांची संख्या उद्या दुप्पट झाली तरी हे गणित सुटणार नाही, एवढे त्यातून कळते. शिवाय आहेत ते तज्ज्ञ बहुतेक शहरांत आहेत.

मग सरकारी यंत्रणा नेमकी कुठे आहे?

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. पूर्वी मानसिक आजाराचे सरकारी उपचार म्हणजे ही चार गावे, असेच समीकरण होते. ‘येरवड्याला पाठवा’ हा टोमणा त्यातूनच भाषेत आला. हे बदलण्यासाठी १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या आधारे १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

या कार्यक्रमात जिल्ह्याला मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असे पथक अपेक्षित आहे. जिल्हा रुग्णालयात दहा खाटा असाव्यात आणि पथकाने ठरलेल्या दिवशी तालुक्यांना भेटी द्याव्यात, अशी रचना आहे. अमरावतीत १४ तालुके आहेत. एकच पथक सगळीकडे फिरणार असेल, तर एका तालुक्याच्या वाट्याला महिन्यातून एखादा दिवस येतो. त्या दिवशी गाडी नसली, सुट्टी आली किंवा डॉक्टरांना न्यायालयात साक्षीला जावे लागले की पुढची तारीख थेट महिनाभराने. पथकातले एखादे पद रिक्त असेल तर राहिलेल्यांवर तो भार पडतो. मेळघाटात भाषेचा प्रश्न वेगळाच. कोरकू बोलणाऱ्या आजीशी मराठीतून झालेले समुपदेशन तिच्यापर्यंत किती पोहोचते?

खरी अडचण दुसऱ्या फेरीत का?

पहिली फेरी बहुतेक कुटुंबे कशीबशी करतात. त्याआधी गावातला भगत किंवा भुमका, एखादे देवस्थान किंवा दर्गा झालेला असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातही रुग्ण ‘मला नैराश्य आहे’ असे सांगत नाही. डोके जड आहे, जीव घाबरतो, झोप नाही, अंगात त्राण नाही, टेन्शन आहे, असे सांगतो. त्यावर शक्तीच्या गोळ्या किंवा सलाईन मिळते आणि काही महिने निघून जातात. शेवटी कोणीतरी जिल्ह्याला जायला सांगते.

तिथे निदान होते, पंधरा दिवसांच्या किंवा महिनाभराच्या गोळ्या मिळतात. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, सुस्ती असे दुष्परिणाम मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवतात. म्हणजे रुग्णाला आधी त्रास होतो आणि गुण नंतर येतो. नेमक्या याच दिवसांत ‘हे असेच होते, गोळी सोडू नका’ असे सांगणारे कोणी जवळ नसेल तर गोळ्या बंद होतात. बरे वाटू लागल्यावरही औषध काही महिने चालू ठेवावे लागते. लिथियमसारख्या औषधाला तर वेळोवेळी रक्ततपासणी लागते.

दर फेरीला दोन माणसांचा रोज बुडतो. रोजगार हमीचा २०२५-२६ चा राज्यातील दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने एका फेरीची बुडीत मजुरीच ६२४ रुपये होते. एसटीचे भाडे आणि जेवण वेगळे. सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत तर ही फेरी होतच नाही. ‘रुग्ण फॉलोअपला आला नाही’ अशी नोंद रुग्णालयात होते. तो का आला नाही, यासाठी नोंदवहीत रकाना नसतो.

तज्ज्ञांशिवाय काही साधते का?

साधते, आणि त्याचे पुरावे याच भागातले आहेत. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून आजाराची लक्षणे ओळखायची, प्रशिक्षित समुपदेशकांनी भेटी घ्यायच्या आणि गरज असेल त्यालाच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचे, अशी त्याची पद्धत होती. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. एवढे करूनही नैराश्य असलेले चारपैकी जवळपास तीन जण मदतीपासून दूरच राहिले, हेही त्याच आकड्यांतून दिसते.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत असाच प्रयोग केला. मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना सहा ते आठ सत्रे देण्यात आली. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. नाशिक जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ उपक्रमात तर गावातल्याच स्वयंसेवकांनी हे काम केले. पुढे तो गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात विस्तारला.

राज्य सरकारनेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला आणि त्यात आशा कार्यकर्त्यांना जोडले. त्यामुळे कल्पना नवी नाही. मात्र लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, सर्वेक्षणे असे सगळे ज्या आशाताईंच्या माथी आहे, त्यांच्याकडूनच तासभर बसून कोणाचे दुःख ऐकण्याची अपेक्षा ठेवायची, तर त्या तासाचा मोबदला कोण देणार, हे आधी ठरवायला हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात सर्वाधिक, २२ हजार ७४६ आत्महत्यांची नोंद महाराष्ट्रात आहे.

कायद्याने रुग्णाला काय दिले आहे?

कलम १८ नुसार जिल्ह्यात किमान सरकारी सेवा उपलब्ध नसेल, तर रुग्णाला जिल्ह्यातील अन्य सेवेकडे जाता येते आणि तो खर्च सरकारने करायचा असतो. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सरकारी सेवा मोफत आहे. सेवेतील त्रुटींबद्दल तक्रार करता येते आणि त्यासाठी मोफत कायदेशीर मदतही मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. खासगी डॉक्टरांचे बिल सरकारकडे मागता येते, हे मात्र फारच थोड्या कुटुंबांना ठाऊक असते.

आणखी एक गैरसमज प्रवेशाबाबतचा. रुग्णाला दाखल करायला कोर्टाचा आदेश लागतो, असे अनेकांना अजून वाटते. रुग्ण स्वतःहून दाखल होऊ शकतो. आजार तीव्र असून तो निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. साखळीने बांधून ठेवण्यास मात्र कायद्याने सरसकट बंदी आहे.

आज गावात राहणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य पथक कोणत्या दिवशी येते, हे आधी फोन करून विचारावे. पहिले निदान जिल्ह्याला झाले असले तरी केस पेपर दाखवून पुढच्या गोळ्या तालुक्याला मिळतील का, हे तिथल्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे; त्यामुळे एखादी फेरी वाचू शकते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले असेल, तर शुल्काचे नियम वेगळे असू शकतात.

‘टेलिमानस’ची १४४१६ ही निःशुल्क हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. फोन आधी समुपदेशक घेतात, गरज वाटल्यास तज्ज्ञांकडे जोडून देतात. आत्महत्येचे विचार येत असतील तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता या क्रमांकावर फोन करावा किंवा १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. मेळघाटात मात्र रेंज मिळते ते ठिकाण बऱ्याचदा घरापासून दूर, चार लोकांत असते, आणि तिथे उभे राहून मनातले बोलणे सोपे नसते. अशा वेळी गावच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारून, दाराआडच्या त्यांच्या खोलीतून हा फोन लावता येतो.