वजनाची नोंद होते, वयात येण्याची का नाही?

एचआयव्हीबाधितांसाठी मोफत औषधोपचार देशात १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला आणि मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम २००६च्या नोव्हेंबरअखेरीस आला. त्याआधी जन्मतःच हा संसर्ग घेऊन आलेल्या बाळांचे काय होई, हे आफ्रिकेतल्या अभ्यासांनी नोंदवून ठेवले आहे. उपचार न मिळालेल्यांपैकी जवळपास निम्मी बाळे दुसऱ्या वाढदिवसाआधीच दगावत. देशातले सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात आहेत. २०२१च्या सरकारी अंदाजानुसार सुमारे चार लाख. पंढरपूरची ‘पालवी’, बीडजवळचे ‘इन्फंट इंडिया’, लातूर जिल्ह्यातल्या हासेगावचे ‘सेवालय’ या संस्थांनी ज्यांना लेकरू म्हणून पोटाशी धरले, त्यांतले कित्येक आज तरुण आहेत. मुले जगली, ही या कार्यक्रमाची खरी कमाई आहे. पण जगलेले मूल मोठेही व्हायला हवे. म्हणून माझे म्हणणे असे की, एचआयव्हीबाधित मुलगा वयात येतो आहे की नाही, हे त्याच्या वजनाइतक्याच नेमाने तपासले आणि लिहून ठेवले गेले पाहिजे. सध्या ते सहसा होत नाही, आणि मुलींपेक्षा मुलग्यांच्या बाबतीत ही हयगय जास्त होते.

मुलग्याचे वयात येणे सुरू होते ते मेंदूत. तिथून ठरावीक अंतराने, आणि सुरुवातीला मुख्यतः झोपेत, एका संप्रेरकाचे झोत सुटू लागतात. त्यांनी पीयूषिका ग्रंथी जागी होते, ती वृषणांना चालना देते आणि टेस्टोस्टेरॉन तयार होऊ लागते. मिसरूड फुटणे, आवाज फुटणे या फार पुढच्या खुणा. पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार ४ मिलिलिटरपर्यंत पोचणे, आणि ती साधारण ९ ते १४ या वयात दिसते. चौदा पूर्ण होऊनही ती दिसली नाही, तर डॉक्टर त्याला उशीर म्हणतात. दीर्घकाळचा एचआयव्ही ही साखळी एकाच नव्हे, अनेक ठिकाणी अडवतो. विषाणू आटोक्यात नसला की शरीरात सतत दाह पेटलेला राहतो आणि त्या दाहातली रसायने मेंदूतून सुटणारे झोत मंद करतात. भूक मरते, जुलाब होतात, क्षय गाठतो. अंगावरची चरबी घटली की चरबीकडून मेंदूला जाणारा लेप्टिनचा निरोपही क्षीण होतो. वाढीचे संप्रेरक रक्तात असूनही शरीर त्याला पुरती दाद देत नाही. बुरशीच्या संसर्गावर दिले जाणारे केटोकोनॅझोलसारखे औषध तर टेस्टोस्टेरॉनच्या निर्मितीतच अडथळा आणते. घरात मोठे आजारपण आले की लग्नकार्य पुढे ढकलतात, तसे शरीर वयात येणे पुढे ढकलते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. हा उशीर एचआयव्हीमुळे कशावरून? आपल्याकडे अशी मुले बहुधा गरीब घरातली असतात, अनेकांचे आईवडील गेलेले असतात, पोटभर खायला मिळत नाही. मग ही वाढ उपासमारीने खुंटली असे का म्हणू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधायला एका दुर्दैवी घटनेची मदत झाली. १९८५पूर्वी अमेरिकेत हिमोफिलिया असलेल्या अनेक मुलग्यांना रक्त गोठवणाऱ्या दूषित औषधातून एचआयव्हीची लागण झाली. पुढे तिथल्या १४ केंद्रांमधल्या हिमोफिलिया असलेल्या ३३३ मुलग्यांच्या वाढीचा अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. त्यांतल्या २०७ जणांना लागण झालेली होती, उरलेल्यांना नव्हती. मूळ आजार एकच, दवाखाने तेच, आणि लागण जन्मातून नव्हे तर औषधातून आलेली. तरीही लागण झालेल्या मुलग्यांची लैंगिक वाढ मागे पडली, आणि प्रतिकारशक्तीची घसरण व हा उशीर यांचा थेट संबंध आढळला. नंतर अमेरिकेतच, जन्मतः लागण झालेल्या दोन हजारांहून अधिक मुलामुलींची तुलना बाधित आईच्या पोटी जन्मूनही लागण न झालेल्या मुलांशी केली गेली. घरची परिस्थिती बरीचशी सारखी असूनही बाधित मुले काही महिने उशिरा वयात येत होती. विषाणूचे प्रमाण जास्त असलेल्यांत उशीर जास्त, आणि प्रभावी औषधे लवकर, जास्त काळ मिळालेल्यांत तो कमी. म्हणजे कुपोषण हे कारण खरेच आहे, पण ते एकटे नाही. आणि उशीर कमी करणे आपल्या हातात आहे, हा या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग.

दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो: मुलगे उशिराच वाढतात, बापही असाच होता, दहावीनंतर एकदम ताड झाला. निरोगी मुलग्यांपुरते हे पुष्कळदा बरोबर आहे. उशिरा वयात येणाऱ्या मुलग्यांत सर्वाधिक प्रमाण अशा निरुपद्रवी, वंशातून आलेल्या उशिराचेच असते. पण दुसरी कारणे तपासून बाजूला सारल्यावरच डॉक्टर हे निदान करतात. न तपासता काढलेली ती समजूत नव्हे. ज्याच्या अंगात दाह पेटवणारा विषाणू वर्षानुवर्षे आहे, त्याच्या बाबतीत तर ‘वाढेल आपोआप’ हा निष्कर्ष सर्वांत शेवटी यायला हवा. मुलीच्या बाबतीत पाळी आली नाही तर आई, आजी, शेजारीणसुद्धा विचारते. मुलग्याच्या शरीरात असा बाहेरच्यांना कळणारा दिवस येतच नाही. त्याची पहिली खूण कपड्याआड राहते, ती विचारायची कुणाला सवय नसते आणि तो स्वतःहून सांगत नाही. म्हणूनच त्याच्यासाठी कागदावरची नोंद अधिक गरजेची आहे.

औषधे चालू आहेत, विषाणू आटोक्यात आहे, मग दोन वर्षे उशीर झाला म्हणून बिघडले काय, असेही कुणी म्हणेल. पहिली गोष्ट हाडांची. आयुष्यभर पुरायची हाडांची बळकटी मोठ्या प्रमाणात याच काळात साठते. उशिरामुळे ती साठवण लांबते, त्यातच हा विषाणू आणि त्यावरचे टेनोफोविरसारखे औषध हाडांची घनता काही अंशी घटवतात. दुसरी गोष्ट औषधांची. एफाविरेंझ हे औषध आपल्याकडे अनेक वर्षे नेहमीच्या उपचारात होते. त्याने काही मुलग्यांच्या छातीला सूज येते, आणि तशीच सूज वयात येताना निरोगी मुलग्यांनाही येते. मुलगा वाढीच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे डॉक्टरांना ठाऊक नसेल, तर औषधाचा त्रास कुठला आणि निसर्गक्रम कुठला हे ते कसे ठरवणार? पण याहून मोठे नुकसान मला वेगळेच दिसते. पंधरा वर्षांचा मुलगा अकराचा दिसतो, म्हणून सगळे त्याच्याशी अकराच्या मुलासारखे वागतात. ‘अजून लहान आहे’ म्हणून त्याला आजाराचे नाव सांगितले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच सांगून ठेवले आहे की, शाळकरी वयातच मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे हे सांगावे. लैंगिक संबंध, निरोध, पुढे लग्न, मूल होणे, यातले काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. नेमाने औषध घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राखला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही, ही धीर देणारी गोष्टसुद्धा त्याला कळत नाही. शरीर मागे राहिले तरी मन वर्गातल्या पोरांच्या बरोबरीनेच चालत असते. ती पोरे त्याला ‘बारक्या’ म्हणून चिडवतात, कबड्डीत घेत नाहीत. आपण खुजे राहिलो ते या गोळ्यांमुळेच, असे त्याच्या मनाने घेतले आणि त्याने गुपचूप गोळ्या टाकून दिल्या, तर आटोक्यात आलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो. त्याला खरे कारण सांगायचे तर आधी ते आपल्याला माहीत असले पाहिजे: गोळ्यांनी वाढ थांबत नाही, त्या वाढीला वाट करून देतात.

आता संकोच आणि वेळ. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रांवर गर्दी असते, डॉक्टर थोडे असतात, आणि किशोरवयीन मुलाला कपडे काढायला लावणे सोपे नाही. हा संकोच मला अगदी रास्त वाटतो. तपासणी त्याच्या संमतीने, आडोशाला आणि का करायची हे सांगूनच व्हावी. वाढीचे टप्पे दाखवणारी चित्रे पुढे ठेवून मुलाने स्वतःच आपला टप्पा दाखवणे, ही पद्धतही जगभर वापरात आहे. ती तपासणीइतकी अचूक नाही, पण काहीच न लिहिण्यापेक्षा पुष्कळ बरी. वृषणांचा आकार ताडून पाहायची मण्यांची माळ १९६०च्या दशकापासून वापरात आहे. तिला वीज लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. दर भेटीला हे करायचे कारणही नाही. दहा वर्षांपुढे सहा महिन्यांतून एकदा, उंचीच्या आलेखासोबत, रुग्णाच्या नोंदींच्या ‘व्हाइट कार्डा’वर एक ओळ पुरेल. आणि किशोरवयीनांसाठी राज्यात सरकारी दवाखान्यांतून ‘मैत्री क्लिनिक’ चालतात. एकाच रुग्णालयाच्या आवारातल्या एआरटी केंद्र आणि मैत्री क्लिनिक या दोन सेवांनी हे मुलगे एकमेकींकडे पाठवले, तर समुपदेशनाचा भारही वाटला जाईल.

चौदा उलटूनही पहिली खूण नोंदली गेली नाही, तर पुढचे काम ठरलेले आहे: विषाणूचे प्रमाण पुन्हा मोजणे, क्षयाची तपासणी, आहाराची चौकशी, मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय, आणि गरज पडली तर संप्रेरकतज्ज्ञ. काही मुलग्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही महिने अल्प मात्रेत टेस्टोस्टेरॉन देता येते. ते विचार न करता दिले तर हाडांची वाढ लवकर बंद होऊन उंची कायमची खुंटू शकते. म्हणूनच हा मुलगा भिंतीवरच्या जाहिराती वाचून कुठल्याशा भोंदू वैद्याच्या तंबूत पोचण्याआधी आपल्या केंद्रातल्या डॉक्टरांपर्यंत पोचला पाहिजे. याची दुसरी बाजू बालरोगतज्ज्ञांनी आणि गावातल्या डॉक्टरांनी लक्षात घ्यावी. झिम्बाब्वेत जन्मतः लागण झालेली कित्येक मुले किशोरवयात पहिल्यांदा रुग्णालयात आली, तेव्हा ती खुजी होती, वयात यायची राहिली होती, आणि तोवर त्यांची चाचणीच झालेली नव्हती. इतकी वर्षे उपचाराविना कुणी जगणार नाही, असेच तोपर्यंत धरून चालले होते. आपल्याकडेही वारंवार आजारी पडणारा, वाढ खुंटलेला, आई किंवा वडील लवकर गमावलेला मुलगा समोर आला, तर टॉनिक लिहून देण्याआधी पालकांच्या संमतीने त्याची एचआयव्ही चाचणी करावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते, आणि निकाल आला त्याच आठवड्यात औषध सुरू करता येते.