सही आणि अंगठा

दिल्लीच्या सरोजिनी नगरमधील जुन्या सरकारी वसाहतीत आम्ही राहत असतानाची गोष्ट. एका मराठी सहकाऱ्याच्या आई साताऱ्याहून मुलाकडे राहायला आल्या होत्या. आम्ही सर्व त्यांना काकू म्हणत असू. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. काचबिंदूमुळे त्यांची बरीचशी दृष्टी गेली होती, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. तरीही भाजी आणणे, शेजारी जाणे त्या एकट्याने करीत. दारापासूनची पावले, कडुनिंबाचे झाड, त्यापुढचे वळण, हे सारे त्यांना पाठ होते.

एकदा निवृत्तिवेतन काढण्यासाठी त्या बँकेत गेल्या, तेव्हा मी सोबत होते. त्यांची सही जुन्या नमुन्याशी जुळेना. कर्मचाऱ्याने त्यांच्याकडे न पाहता मला सांगितले, यांचा अंगठा घ्या. आयुष्यभर मुलांना अक्षरे गिरवायला शिकवलेल्या बाईंनी मुकाट्याने अंगठा उमटवला. पुढील महिन्यापासून त्या बँकेत गेल्या नाहीत. व्यवहार मुलाकडे गेला. त्या दिवशी त्यांची दृष्टी तिळमात्रही कमी झाली नव्हती. स्वावलंबन मात्र गेले.

आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळे होते. म्हणून शस्त्रक्रियांवर भर राहिला, हे योग्यच झाले. पण प्रशासन जे मोजता येते तेच मोजते. ज्यांची दृष्टी शस्त्रक्रियेने परत येणार नाही, त्यांच्यासाठी आपल्या तक्त्यात रकाना कोठे आहे? अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी भरले, तर बहुतेक सवलतीही मिळत नाहीत.

नियम नाहीत असेही नाही. दृष्टिहीनांना धनादेशासह सर्व बँकसेवा भेदभाव न करता द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच कळवले होते. सत्तरीपुढील नागरिकांना घरपोच सेवा द्यावी, असे २०१७ मध्ये सांगितले. ओळख पटवण्याच्या डिजिटल पद्धती दृष्टिहीनांनाही वापरता आल्या पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला. प्रश्न एवढाच, की हे सारे खिडकीपलीकडच्या माणसापर्यंत पोहोचते का?

करण्याजोग्या गोष्टी किती साध्या आहेत! सहीपुरती खाच पाडलेला पुठ्ठा खिडकीवर ठेवावा आणि सहीचा नवा नमुना घ्यावा. अर्ज मोठ्या ठळक अक्षरांत छापावेत. २०१६ मध्ये सरोजिनी नगरसह दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी मिळाली, आणि बैठ्या घरांच्या जागी उंच इमारती आल्या. काकूंनी पाठ केलेल्या वाटा त्यात पुसल्या गेल्या. अशा इमारतींत लिफ्टच्या बटणांवर ब्रेल असावेच. पण उतारवयात दृष्टी गमावणाऱ्यांना बहुधा ब्रेल येत नाही. त्यांना हवा पुरेसा उजेड, पायऱ्यांच्या कडांना वेगळा रंग, मोठे आकडे.

आणि सोबत्याशी न बोलता त्या व्यक्तीशीच बोलावे. त्यासाठी तरी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही.