शेवटच्या दिवशीचा बर्फ

मुलांनो, सहलीचा शेवटचा दिवस कसा असतो हे तुम्हाला मी काय सांगायचं! पाण्याची बाटली हरवलेली असते, पाय दुखत असतात, खाऊचे पैसे संपलेले असतात आणि तरीही प्रत्येकाला आणखी काहीतरी एक करायचंच असतं. आमच्या शाळेची सहल रायगडावर गेली की उतरायच्या वेळी हमखास चार-पाच जण टकमक टोकाकडे पुन्हा पळतात. "बाई, एकदाच! परत कधी येणार आपण?" हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. पण तेच वाक्य चांगल्या तिशी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडून ऐकलं, तेही थेट काश्मीरमध्ये, गुलमर्गच्या बर्फात. त्याचीच ही गोष्ट.

आम्ही चौघी डी.एड.च्या वर्गातल्या मैत्रिणी. एक सांगलीची, एक नाशिकची, एक पेणची आणि मी. दोन वर्षं भिशी लावून पैसे जमवले, शिल्लक रजा काढली आणि एका फेब्रुवारीत सहा दिवस स्कीइंग शिकायला गेलो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक हजार मीटर चढा, तेव्हा कुठे गुलमर्गचं मैदान लागेल! तिथून वर गोंडोला जातो. गोंडोला म्हणजे दोरावरून सरकणारी बंद पाळणागाडी. तिचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, तो १९९८ साली सुरू झाला. दुसरा २००५ साली, तो अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. आमच्यासारख्या नवशिक्यांचं काम मात्र खाली, मैदानाजवळच्या उतारावर.

पहिल्या दिवशी काय शिकलो? पडायला! खरंच. एका बाजूला, बसल्यासारखं पडायचं. मग दोन्ही स्की उताराला आडव्या करून उठायचं. आडव्या केल्या नाहीत तर उठता उठताच तुम्ही खाली निघालात म्हणून समजा. दुसरा धडा ब्रेकचा. स्कीला ब्रेक नसतो. दोन्ही स्कींची टोकं पुढे जवळ आणायची, मागची बाजू फाकवायची, की समोशासारखा आकार होतो आणि वेग कमी होतो. आमचे शिकवणारे वयस्कर होते, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. ते लांबून नुसतं ओरडायचे, "समोसा! समोसा!" पेणवाली म्हणायची, त्या ओरडण्यानं मला आधी भूकच लागते.

आता बर्फाबद्दल सांगते, कारण सगळी भानगड त्याचीच आहे. आपल्याकडे फ्रीजमधला तोही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फ. काश्मिरीत पडणाऱ्या बर्फाला 'शीन' म्हणतात. ताजं शीन हातात घ्या, कापसासारखं लागतं. त्यात बर्फ थोडा आणि हवाच जास्त असते. त्यावर पडलं तरी काही वाटत नाही. पण हा बर्फ आहे तसा राहत नाही. दुपारी ऊन लागलं की वरचा थर थोडा वितळतो. रात्री आभाळ मोकळं असलं की कडाक्याची थंडी पडते आणि ते पाणी पुन्हा गोठतं. झाली वर काचेसारखी पापडी तयार! खाली मात्र भुसभुशीतच. वारा सुटला तर तो एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन दाबून बसवतो. म्हणजे काल ज्या उतारावर तुम्ही मजेत घसरलात, तोच उतार आज नवीन असतो.

आमचं तसंच झालं. आधी दोन दिवस बर्फ पडला, मग एक दिवस लख्ख ऊन आणि रात्री थंडी. शेवटच्या दिवशी सकाळी स्कीखालून आवाज आला तो पत्र्यावर खडे ओढल्यासारखा. स्कीच्या दोन्ही बाजूंना पोलादी कड असते. कडक बर्फात ती कड रुतवून धरावी लागते. नाही धरली तर समोसा करा नाहीतर वडा करा, तुम्ही थांबत नाही! आदल्या दिवशी छान वळणं घेणाऱ्या आम्ही चौघी सकाळी तासाभरात किती वेळा पडलो ते मोजणं सोडून दिलं. आणि त्या पडण्यात कापूस नव्हता, फरशी होती.

चाचांनी कबूल केलं होतं की शेवटच्या दिवशी तुम्हाला कोंगदूरीवरून खाली आणीन. सांगलीवाली सहा दिवस त्याच एका वाक्यावर जगत होती. आठवडाभर सगळ्यांत जास्त तीच पडली होती, आणि एकदा तरी वरून खालपर्यंत यायचंच, असं तिनं घरी मुलीला सांगून ठेवलं होतं. अकराच्या सुमाराला आम्ही गोंडोलातून वर पोचलो आणि ढग उतरले. ढगात काय होतं सांगू? सावल्या नाहीशा होतात. खालचं पांढरं, वरचं पांढरं. समोर खड्डा आहे की उंचवटा, काही दिसत नाही. डोळे उघडे ठेवून आंधळी कोशिंबीर!

चाचा दहा-पंधरा पावलं पुढे गेले. काठी बर्फात खुपसली. वरची पापडी कट्‌कन फुटली आणि काठी आत गेली. दुसरीकडे खुपसली, तिथे ती आत जाईचना. ते परत आले आणि म्हणाले, आज नाही.

वाईट बर्फातला सगळ्यांत वाईट हाच, बरं का. पापडी कधी तुमचं वजन पेलते, कधी फुटते. फुटली की स्की खाली अडकते, अंग पुढे जातं आणि मधल्यामध्ये गुडघा पिळवटतो. जोराचा झटका बसला की बूट स्कीवरून सुटावा अशी सोय असते, पण सावकाश पिळवटताना तो दर वेळी सुटतोच असं नाही.

सांगलीवाली ऐकेना. "इतके पैसे भरले, परत कोण येणार आहे इथं? मी हळूहळू येते. पडले तर पडले!" नाशिकवाली आमच्यात सगळ्यांत तरबेज. तिला तर वेगळंच सुचलं. बाजूला दोरी बांधलेली होती आणि दोरीपलीकडे एकही रेघ न उमटलेला मऊ बर्फ दिसत होता. ती म्हणाली, "इथं कडक आहे ना? मग तिकडून जाऊ."

तिकडून का जायचं नाही, हे मात्र नीट वाचा. नवा बर्फ जुन्या थराला नेहमीच घट्ट चिकटतो असं नाही. मधे एखादा कमकुवत थर राहिला असेल आणि उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल, तर एका माणसाच्या वजनानंही वरची अख्खी लादी तुटून खाली सुटते. हे हिमस्खलन. त्यात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानंच तोडलेली असते. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचायची आशा चांगली असते, पुढे ती झपाट्यानं कमी होते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू असे गेले. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी २०२४ ला, खिलनमर्गजवळ एक रशियन स्कीपटू गेला. ही मंडळी आमच्यासारखी सहा दिवसांची नवशिकी नव्हती.

चाचांनी यातलं काही सांगितलं नाही. ते सांगलीवालीला एवढंच म्हणाले, "घुटना टूटेगा मॅडम, फिर स्कूल में खड़ी कैसे रहोगी?" मग नाशिकवालीकडे वळून त्यांनी आपल्या दोन्ही काठ्या दोरीसमोर आडव्या धरल्या. वाद संपला. निदान बोलण्यातला तरी.

आम्ही गोंडोलातूनच खाली आलो. सांगलीवाली खिडकीकडे तोंड करून बसली होती. पेणवालीनं तिला शेंगदाण्याची चिक्की पुढे केली, तर तिनं ती घेतली आणि तशीच हातात धरून ठेवली. आम्ही कोणी काही बोललो नाही. रडणाऱ्या माणसाला दर वेळी समजावलंच पाहिजे असं नसतं, हे मी पहिलीच्या वर्गात शिकले आहे. दुपारी खालच्या उतारावर बर्फ खिचडीसारखा झाला होता. ओला बर्फ स्कीला मागून धरून ठेवतो, त्यामुळे वेग येत नाही आणि वळताना मांड्या भरून येतात. तिथे ती तीनदा वरून खाली आली. दोनदा पडली, एकदा नाही. त्याचा फोटो तिच्या घरी भिंतीवर लावलेला आहे. पण कोंगदूरीचा विषय निघाला की अजूनही ती म्हणते, "तुम्ही मला येऊ दिलं नाहीत." आम्ही म्हणतो, "हो, नाही दिलं."

आता तुम्हाला एक काम. गुलमर्गला न जाता पापडी कशी होते ते पाहायचंय? आईला किंवा बाबांना विचारून थोडा बर्फ रुमालात गुंडाळा आणि लाटण्यानं अगदी बारीक कुटा. दोन स्टीलच्या वाट्या भरा. एक वाटी लगेच फ्रीजरमध्ये ठेवा. दुसरी बाहेर ठेवा, बर्फाचा वरचा थर ओला झालेला दिसला की तीही आत. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्यांत चमच्याचं मागचं टोक हळूच दाबून पाहा. कुठल्या वाटीत ते सहज जातं, कुठल्या वाटीत अडतं, आणि अडलं तर एकदम फुटतं की हळूहळू, हे वहीत लिहा आणि मला पत्रानं कळवा. मात्र वाटी बाहेर किती वेळ ठेवली होती तेही लिहायचं. गेल्या वेळच्या प्रयोगात निम्म्या पत्रांतून वेळच गायब होती!